०-३ वरून ४-३ : बॉस्टन रेड सॉक्स, २००४ (पिचरांचा हिशेब)

स्कोअरबुक

मंडळी, बेसबॉलमधल्या २००४ च्या बॉस्टन रेड सॉक्सचा विषय निघाला की गाडी दोनच स्टेशनांवर थांबते. एक म्हणजे बेब रूथ या महान खेळाडूला न्यूयॉर्क यांकीजना विकल्यापासून लागलेला 'शाप', दुसरं कर्ट शिलिंगचा रक्ताळलेला मोजा. दोन्हींबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. १७ ते २० ऑक्टोबर २००४ या चार रात्री मात्र मुळात जिंकल्या गेल्या त्या पिचरांच्या (चेंडू टाकणाऱ्यांच्या) हिशेबावर, आणि त्याबद्दल मराठीत फार कमी वाचायला मिळतं. त्यासाठी हा धागा.

नवीन वाचकांसाठी आधी चौकट. नियमित मोसमात बॉस्टन ९८-६४, यांकीज १०१-६१. बॉस्टन विभागात दुसरं, वाइल्ड कार्डवर (विभाग न जिंकणाऱ्या सर्वोत्तम संघाला मिळणारी जागा) पुढे आलं. पहिल्या फेरीत एंजल्सना ३-० ने हरवलं. मग अमेरिकन लीगची अंतिम मालिका, सातपैकी चार, समोर यांकीज. पहिला सामना ७-१० ने, दुसरा १-३ ने आणि तिसरा स्वतःच्या फेनवे पार्कवर ८-१९ ने गेला. तोवर मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक बेसबॉलमध्ये) ०-३ वरून मालिका जिंकणं सोडाच, सातव्या सामन्यापर्यंतही कुणी पोचलं नव्हतं.

आता मुद्दा. सामना नऊ इनिंगचा, म्हणजे तुमच्या पिचरांनी मिळून २७ बाद करायचे. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. १५ ऑक्टोबरला पावसाने तिसरा सामना एक दिवस पुढे गेला आणि प्रवासाची सुट्टी बुडाली. त्यामुळे १६ ते २० सलग पाच दिवस पाच सामने. सुरुवातीचा पिचर साधारण चार दिवस विश्रांती घेऊन येतो, म्हणजे या पाच दिवसांत तोच माणूस दोनदा पूर्ण ताकदीने येणं अशक्य.

तिसऱ्या सामन्यात बॉस्टनचा सुरुवातीचा पिचर अरोयो दोन इनिंग टाकून संपला. चौथ्या सामन्यासाठी राखलेला टिम वेकफील्ड तेव्हा आपणहून पुढे आला आणि सामना हातातून गेलेला असताना त्याने ३⅓ इनिंग टाकल्या. त्याच्या खात्यात धावा चढल्या, चौथ्या सामन्याची सुरुवातही गेली, पण नंतरचे रिलीफ (मधून बदली येणारे) पिचर वाचले. माझ्या मते पुनरागमन सुरू झालं ते तिथे, चौथ्या सामन्यातल्या डेव्ह रॉबर्ट्सच्या बेसचोरीत (पिचर चेंडू टाकत असताना धावून पुढचा बेस गाठणं) नव्हे.

तिसरा_बेस

वेकफील्डबद्दल पूर्ण सहमत. त्याचा पुढचा परिणामही लिहायला हवा : चौथ्या सामन्याला डेरेक लो आला. नियमित मोसमात त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे खात्यावर चढणाऱ्या सरासरी धावा) ५.४२ होता आणि एंजल्सविरुद्ध त्याला सुरुवातीच्या पिचरांतून वगळलं होतं. त्याने ५⅓ इनिंगमध्ये तीन धावा दिल्या. आकडा साधा दिसतो, पण त्या रात्री तेवढ्यावर सामना जिवंत राहिला.

त्यानंतरचं खरं काम कीथ फोकचं. फोक क्लोजर, म्हणजे सामना संपवणारा पिचर; तो सहसा नवव्या इनिंगला येतो आणि तीन बाद करून घरी जातो. मॅनेजर फ्रँकोनाने त्याला सातव्यातच आणला. २⅔ इनिंग, ५० चेंडू, धाव शून्य. दुसऱ्या दिवशी २२, तिसऱ्या दिवशी २८. तीन दिवसांत शंभर चेंडू, आणि हा माणूस एरवी एका सामन्यात पंधरा-वीस चेंडू टाकणारा! त्याचं मुख्य अस्त्र चेंज-अप. हाताचा वेग फास्टबॉलचाच दिसतो, चेंडू मात्र सावकाश येतो आणि बॅट आधीच फिरून जाते. निव्वळ वेगावर जगणारा पिचर तिसऱ्या दिवशी उघडा पडतो, फोक टिकला.

नवा_गडी

रॉबर्ट्सची चोरी कुणी नीट समजावून सांगेल का? मी क्रिकेटवाला. नववी इनिंग, एका धावेने मागे, बाद झाला तर सगळंच अवघड. इतका धोका का घेतला? बंट करून (बॅट न फिरवता चेंडू हळूच ढकलून) त्याला पुढे सरकवता आला नसता का?

आकडेमोड

नवा_गडी, प्रश्न अगदी योग्य आहे. टप्प्याटप्प्याने सांगतो.

यांकीज ४-३ पुढे. पिचर मारियानो रिव्हेरा, आठव्या इनिंगपासून टाकत होता. केव्हिन मिलारने वॉक मिळवला. म्हणजे चार चेंडू स्ट्राइक झोनबाहेर गेले आणि त्याने त्यांच्यावर बॅट फिरवली नाही, तेव्हा पहिला बेस फुकट. मिलार हळू धावतो म्हणून त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्स. पुढचा बॅटर बिल म्युलर.

बंट केला तर रॉबर्ट्स दुसऱ्या बेसवर जातो, पण उरलेल्या तीन बादांपैकी एक खर्च होतो. रिव्हेराविरुद्ध तो फार महाग. चोरी जमली तर रॉबर्ट्स दुसऱ्या बेसवर आणि बाद शून्य. फसली तर एक बाद, बेस रिकामे. ढोबळमानाने चारपैकी तीन चोऱ्या जमत असतील तर धोका परवडतो. रॉबर्ट्सचा त्या वर्षीचा हिशेब ४१ पैकी ३८ : डॉजर्सकडून ३४ पैकी ३३, बॉस्टनकडे आल्यावर ७ पैकी ५.

आता घड्याळ. बेसमधलं अंतर ९० फूट. धावणारा बारा-एक फूट पुढे सरकून उभा राहतो. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरकडे पोचायला साधारण १.३ सेकंद. कॅचरने झेलून दुसऱ्या बेसवर पोचवायला आणखी २ सेकंद, ते अंतर १२७ फूट. एकूण ३.३ सेकंद, आणि चांगल्या धावपटूलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. म्हणून सगळा खेळ पहिल्या पावलाचा. पिचरची टाच कधी हलते, खांदा कधी वळतो, हे ओळखायचं.

रिव्हेराने लागोपाठ तीनदा पहिल्या बेसवर फेकून त्याला मागे पळवलं. हेतू त्याला जखडून ठेवण्याचा, पण तासन्‌तास थंडीत बसून आलेल्या माणसाचे पाय त्याने मोकळे झाले. रॉबर्ट्सनेही नंतर हेच सांगितलं. रिव्हेराने म्युलरला पहिला चेंडू टाकला आणि तो सुटला. यांकीजचा कॅचर पोसाडाचा फेक उत्तम होता, जीटरने टॅगही (चेंडू हातात धरून धावणाऱ्याला स्पर्श) झटक्यात लावला. फरक काही इंचांचा. मग म्युलरने चेंडू सरळ पिचरच्या बाजूने मध्यातून काढला, रॉबर्ट्स घरी (होम प्लेटवर, म्हणजे धाव), ४-४.

शॉर्टस्टॉप_६

आकडेमोड, सुरेख. एक भर. म्युलरने याच रिव्हेराला २४ जुलैला फेनवेवर सामना जिंकून देणारा होम रन (थेट मैदानाबाहेरचा फटका) मारला होता, ११-१०. त्याच सामन्यात बॉस्टनचा कॅचर व्हेरिटेक आणि यांकीजच्या अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझची मारामारी झाली होती. रिव्हेराचा कटर (शेवटी वळणारा वेगवान चेंडू) डावखुऱ्या बॅटरच्या हाताकडे आत शिरतो आणि बॅट मोडतो. म्युलर दोन्ही बाजूंनी खेळणारा, इथे डावीकडून उभा. असा चेंडू ताकदीने उजवीकडे ओढायला गेलात की फसता. त्याने दोन्ही वेळा हात शरीराजवळ ठेवले.

लोक आणखी एक विसरतात. त्या नवव्या इनिंगमध्ये बॉस्टनला तिथेच जिंकायची संधी होती. बेलहॉर्नच्या जागी आलेल्या डग मँकेविचने बंट करून म्युलरला दुसऱ्या बेसवर नेलं, यांकीजच्या क्लार्कच्या चुकीने डेमन वाचला, मॅनीला वॉक मिळाला. बेस भरलेले आणि ऑर्टिझ पॉप-अप (उंच, सोपा झेल) होऊन बाद! बाराव्या इनिंगमध्ये यांकीजच्या पॉल क्वॉन्ट्रिलला सामना जिंकून देणारा होम रन मारला तो हाच ऑर्टिझ. मधल्या काळात अकराव्यात यांकीजचे बेस भरलेले होते, दोन बाद. बॉस्टनच्या कर्टिस लेस्कॅनिकने बर्नी विल्यम्सला सेंटर फील्डला झेल द्यायला लावला. विजय लेस्कॅनिकच्या नावावर आहे. त्याचं नाव आज कितीजणांना आठवतं? आठवायला हवं.

फेनवे_उजवीकडे

सगळा हिशेबच होता असं म्हणणं मला पटत नाही. पाचव्या सामन्यात नववी इनिंग, ४-४, दोन बाद, रुबेन सिएरा पहिल्या बेसवर. टोनी क्लार्कने उजव्या कोपऱ्यात फटका मारला. चेंडू टप्पा खाऊन कमी उंचीच्या भिंतीवरून प्रेक्षकांत गेला. नियमाने सगळ्यांना दोनच बेस, सिएरा तिसऱ्यावर थांबला. तोच चेंडू भिंतीला लागून मैदानात राहिला असता तर दोन बाद असल्याने सिएरा फटक्याबरोबरच पळत होता, आरामात घरी आला असता. यांकीज ५-४, आणि मालिका बहुधा तिथेच संपली असती. याला नशीब म्हणायचं नाही तर काय?

स्कोअरबुक

फेनवे_उजवीकडे, तो चेंडू नशीबच. नाकारत नाही. पण त्या नशिबाने फक्त बरोबरी टिकवली. पुढच्या पाच इनिंग कुणीतरी टाकायच्या होत्याच. सुरुवातीच्या पेड्रो मार्टिनेझने सहा टाकल्या. उरलेल्या आठ इनिंग टिमलिन, फोक, अरोयो, मायर्स, एम्ब्री आणि वेकफील्ड यांनी मिळून टाकल्या. आठ इनिंग, धावा शून्य. आदल्या रात्रीचा सामना पहाटे १ वाजून २२ मिनिटांनी संपला होता आणि हा त्याच दिवशी संध्याकाळी पाचनंतर सुरू झाला, चालला ५ तास ४९ मिनिटं. दोन्ही विजय १८ ऑक्टोबर या एकाच तारखेला पडले, दोन्ही ऑर्टिझच्या बॅटने. भारतात बघणाऱ्यांसाठी पहिला विजय सोमवारी सकाळी १०.५२ ला आणि दुसरा मंगळवारी सकाळी साडेआठच्या सुमारास.

शिवाय पावसाचा दुसरा परिणाम बघा. सुट्टी बुडाली हे वाईट, पण पेड्रो १३ ला टाकून १८ ला आला, म्हणजे नेहमीच्या चार दिवसांच्या विश्रांतीवर. पाऊस नसता तर पाचवा सामना १७ ला होता.

नकल_बॉल

पाचव्या सामन्याच्या तेराव्या इनिंगबद्दल लिहायलाच हवं. वेकफील्डचा नकलबॉल बोटांच्या टोकांनी धरून जवळजवळ फिरकी न देता सोडतात. फिरकी नसल्याने शिवणीवरची हवा चेंडूला कुठेही ढकलते, तो कुठे वळेल हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणून मोसमभर वेकफील्डला डग मिराबेली झेलायचा, मोठा ग्लोव्ह घालून. त्या रात्री व्हेरिटेकच राहिला, कारण त्याची बॅट हवी होती.

किंमत मोजावी लागली. एका इनिंगमध्ये तीन पास्ड बॉल (कॅचरच्या हातून निसटलेले चेंडू). यांकीजचा शेफील्ड स्ट्राइक-आउट (तीन स्ट्राइक झाल्याने बाद) होऊनही चेंडू निसटल्यामुळे पहिल्या बेसवर पोचला. शेवटी दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर धावणारे आणि दोन बाद. आणखी एक निसटला की धाव. अशा वेळी बहुतेक पिचर नकलबॉल सोडून साधा फास्टबॉल टाकतील. वेकफील्डने सोडला नाही, सिएरा स्ट्राइक-आउट. वर्षभरापूर्वी, २००३ च्या सातव्या सामन्यात, आरन बूनने ज्याला होम रन मारून बॉस्टनला बाहेर काढलं तो हाच वेकफील्ड. चौदाव्यात यांकीजच्या लोआइझाने टाकलेल्या त्या खेळीतल्या दहाव्या चेंडूवर ऑर्टिझने सिंगल काढला आणि दुसऱ्या बेसवरून डेमन घरी आला.

अस्थिबंध

बॉस्टनचा पिचर शिलिंगच्या घोट्याबद्दल बरंच चुकीचं फिरतं, म्हणून थोडं शरीरशास्त्र.

इजा उजव्या घोट्याला. शिलिंग उजव्या हाताने टाकणारा, म्हणजे ज्या पायाने ढकलून जोर घ्यायचा तोच पाय. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडामागून पेरोनियल टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) जातो आणि त्याला जागेवर धरणारं एक आवरण असतं. ते फाटलं. मग प्रत्येक ढकलीला टेंडन हाडावरून पुढे-मागे घसरायचा. दुखण्यापेक्षा मोठी अडचण म्हणजे पाय भरवशाचा राहत नाही आणि चेंडूचा नेम जातो. पहिल्या सामन्यात तीन इनिंगमध्ये सहा धावा गेल्या त्या त्यामुळे. वेदनाशामक इंजेक्शनने टेंडनचं घसरणं थांबत नाही. उंच घोट्याचा बूटही करून पाहिला, जमला नाही.

संघाचे डॉक्टर बिल मॉर्गन यांनी वेगळाच मार्ग काढला. टेंडन हाडामागे परत बसवता येत नव्हता, तर तो निदान घसरता कामा नये. म्हणून घोट्याजवळची त्वचा टाके घालून खोलवरच्या ऊतींना शिवली, म्हणजे टेंडनला अडवणारी भिंत तयार झाली. आधी मृतदेहाच्या पायावर सराव केला. मोज्यावर दिसलं ते या टाक्यांमधून झिरपलेलं रक्त. हा कायमचा इलाज नव्हताच. सामना झाला की टाके काढायचे, जंतुसंसर्गाचा धोका असतो. वर्ल्ड सिरीजच्या (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या) दुसऱ्या सामन्याआधी पुन्हा घातले.

सहाव्या सामन्यात ७ इनिंग, ४ हिट (बेस मिळवून देणारे फटके), १ धाव, ९९ चेंडू, एकही वॉक नाही. नेम परत आला होता हे शेवटच्या आकड्यावरून कळतं.

नवा_गडी

मग यांकीजने बंट का नाही केले? लंगडणाऱ्या पिचरला पळवायचं सोडून?

शॉर्टस्टॉप_६

या प्रश्नाने यांकीजचे चाहते आजही अस्वस्थ होतात. त्यांची फळी ताकदीने मारणाऱ्यांची, बंटचा सराव थोड्यांनाच. शिवाय चौथ्या इनिंगमध्ये बेलहॉर्नच्या तीन धावांच्या होम रनने ते ०-४ मागे पडले. तो फटका आधी पंचांनी डबल (दोन बेसचा) दिला होता, मग एकत्र येऊन दुरुस्त केला, चेंडू प्रेक्षकाला लागून परत आला होता. चार धावा मागे असताना बंट करणं म्हणजे बाद फुकट घालवणं. तरी पहिल्या तीन इनिंगमध्ये दोन-तीनदा करून बघायला हवे होते असं माझं ठाम मत आहे.

आठव्यात रॉड्रिगेझने अरोयोच्या ग्लोव्हवर हात मारून चेंडू पाडला. पंचांनी चर्चा करून त्याला बाद दिलं आणि जीटरला पहिल्या बेसवर परत पाठवलं. व्हिडिओ रिव्ह्यू तेव्हा नव्हता. एका सामन्यात दोन निर्णय बदलले आणि दोन्ही अचूक, हे त्या पंचांचं श्रेय.

पैसा_वसूल

एक गोष्ट स्पष्ट करू. हा गरीब संघ नव्हता. पगाराचा खर्च लीगमध्ये यांकीजखालोखाल. पण जिंकून दिलं त्यातले कितीतरी स्वस्तात मिळालेले. ऑर्टिझला मिनेसोटाने २००२ च्या डिसेंबरमध्ये सोडून दिलं होतं, बॉस्टनने साडेबारा लाख डॉलरला घेतलं. २००४ मध्ये त्याचे ४१ होम रन, १३९ आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे संघाला मिळालेल्या धावा). अरोयोला पिट्सबर्गने वेव्हरवर टाकलं होतं, म्हणजे दुसऱ्या संघांना घ्यायला मोकळं सोडलं होतं. मिलार जपानच्या चुनिची ड्रॅगन्सकडे जवळपास गेलाच होता. रॉबर्ट्स ३१ जुलैला एका दुय्यम खेळाडूच्या बदल्यात आला.

त्याच दिवशी बॉस्टनचा जनरल मॅनेजर थिओ एपस्टीनने नोमार गार्सियापाराला शिकागो कब्जकडे पाठवलं. शहराचा लाडका शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर)! चार संघांच्या त्या व्यवहारातून ऑर्लँडो कॅब्रेरा आणि मँकेविच आले. दोघेही फील्डिंगचे. कारण साधं होतं : लो चेंडू जमिनीवर खेळायला लावणारा पिचर. इनफील्ड ढिलं असेल तर त्याचे बाद हिट होतात. त्यानंतर बॉस्टन ४२-१८.

तिसरा_बेस

आणि ते व्याजासह सातव्या सामन्यात परत मिळालं. लो दोनच दिवसांच्या विश्रांतीवर, यांकी स्टेडियमवर : ६ इनिंग, १ हिट, १ धाव, फक्त ६९ चेंडू. सिंकर (शेवटी खाली बसणारा चेंडू) टाकणारा थोडा थकलेला असला की चेंडू जास्त खाली बसतो, असं पिचिंगवाले सांगतात. ताजा असताना तो जोर लावतो आणि चेंडू सरळ राहतो.

समोर यांकीजकडे माणूसच नव्हता. केविन ब्राउनने सप्टेंबरमध्ये भिंतीवर ठोसा मारून डावा हात मोडून घेतला होता. तो दुसऱ्या इनिंगमध्येच बाहेर. ऑर्टिझचा दोन धावांचा होम रन आधीच झालेला. मग बेस भरलेले असताना वास्केझ आला आणि पहिल्याच चेंडूवर डेमनचा ग्रँड स्लॅम (चार धावांचा होम रन), ६-०. शेवट १०-३. चौथ्या आणि पाचव्या सामन्यात त्यांचे रिलीफ पिचर रिव्हेरा आणि गॉर्डन पिळून निघाले होते. हिशेब दोन्ही बाजूंना लागू होतो, यांकीजचा मॅनेजर टोरीचा संपला.

फेनवे_उजवीकडे

हे मान्य. वर्ल्ड सिरीजबद्दल कुणीच काही लिहिलं नाही?

स्कोअरबुक

लिहिण्यासारखं त्यात तुलनेने कमी आहे. सेंट लुईस कार्डिनल्स १०५ सामने जिंकून आले होते आणि ४-० ने हरले : ११-९, ६-२, ४-१, ३-०. चारही सामन्यांत बॉस्टन एकदाही पिछाडीवर नव्हतं. पहिल्या दोन्ही सामन्यांत प्रत्येकी चार एरर (फील्डिंगच्या चुका) करूनही जिंकले. तिसऱ्यात पेड्रोच्या सात इनिंग, धाव शून्य. चौथ्यात पुन्हा लो, सात इनिंग, तीन हिट. तिन्ही फेऱ्यांचा निर्णायक विजय त्याच्या नावावर आहे. २७ ऑक्टोबरला, १९१८ नंतर पहिल्यांदा.

नवा_गडी

सगळ्यांचे आभार. पूर्ण सामने बघायला वेळ नाही, कुठून सुरुवात करू?

आकडेमोड

चौथा सामना, सातव्या इनिंगपासून, फोक येतो तिथून. नवव्यात चेंडूकडे न बघता रॉबर्ट्सचे पाय बघा, रिव्हेराच्या तिन्ही फेकींच्या वेळी तो किती फूट पुढे उभा आहे ते. मग पाचवा सामना आठव्यापासून. तिथे रॉबर्ट्स पुन्हा मिलारसाठी धावायला येतो, यावेळी चोरी करत नाही, पण गॉर्डनचं अर्धं लक्ष त्याच्याकडे असतं. निक्सनच्या सिंगलवर तो तिसऱ्यावर पोचतो आणि व्हेरिटेकच्या सॅक्रिफाइस फ्लायवर (झेल गेला तरी धाव देणारा उंच फटका) घरी. त्यानंतर उरलेल्या मोसमात तो मैदानात उतरलाच नाही. संपूर्ण पोस्ट-सीझनमध्ये त्याने एकदाही बॅटिंग केली नाही.

तेरावी इनिंग मात्र वगळू नका. दर चेंडूला व्हेरिटेकचा ग्लोव्ह बघा.